बेटावरील हवा आणि छातीचा विकार

समुद्रकाठची हवा छातीस हितकर असते, अशी आपल्या लोकांची जुनी समजूत आहे. धाप लागणाऱ्या माणसास चार दिवस किनाऱ्यावरील एखाद्या गावी धाडावे, म्हणजे त्याची छाती मोकळी होईल, असे वडीलधारी माणसे सांगत आली आहेत. मग ज्या बेटाच्या चोहोबाजूंस केवळ समुद्रच आहे, जेथे गिरणीचे धुराडे नाही की मोटारींची वर्दळ नाही, तेथे दमा नावालाही नसावा, असे कोणासही वाटेल. परंतु अशाच एका बेटावर निम्म्याहून अधिक लोकांच्या ठायी दम्याची लक्षणे आढळून आली आहेत. त्या बेटाची हकिकत आज वाचकांपुढे ठेवावीशी वाटते, कारण तीवरून आपल्या घरातील चूल, गोधडी आणि सोयरीक यांविषयीही बरेच उमगते.

हे बेट दक्षिण अटलांटिक महासागरात आहे. त्याचे नाव त्रिस्तान द कुन्या. १५०६ साली याच नावाचा पोर्तुगीज दर्यावर्दी हिंदुस्थानाकडे येत असता त्याच्या दृष्टीस ते पडले. त्याच्याच समवेत निघालेल्या आफोन्सो द आल्बुकेर्क याने पुढे १५१० साली गोवे जिंकून घेतले, म्हणजे गोमंतकाच्या इतिहासाशी या बेटाचा असा दूरचा संबंध पोहोचतो. सर्वांत जवळची वस्ती म्हणजे सेंट हेलेना बेट. तेही सुमारे २,४०० किलोमीटर दूर. विमानतळ नाही. केपटाउनहून जहाजाने जावयाचे तर आठवडाभर लागतो.

१८१६ साली इंग्रजांनी तेथे शिबंदी ठेवली, कारण नेपोलियन सेंट हेलेनावर कैदेत होता आणि त्याच्या सुटकेसाठी या बेटाचा उपयोग होईल अशी त्यांना धास्ती होती. पुढच्याच वर्षी शिबंदी परत गेली. परंतु विल्यम ग्लास नावाचा एक स्कॉटिश कॉर्पोरल पत्नी व मुलांसह मागे राहिला. पुढे जहाजे फुटून आलेले खलाशी त्यास मिळाले. १८२७ साली सेंट हेलेनाहून काही स्त्रिया येऊन त्यांच्याशी विवाहबद्ध झाल्या. १८९२ साली फुटलेल्या एका इटालियन जहाजावरील दोन खलाशी, लाव्हारेलो व रेपेत्तो, तेथेच रमले. आजची अडीचशेच्या आतली सारी वस्ती ही मुख्यत्वे या पंधराएक माणसांची संतती होय. कुलनामेही हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकीच.

१८१६ पासूनच्या या एकांतात १९६१ च्या ऑक्टोबरात अकस्मात खंड पडला. गावालगतच ज्वालामुखी फुटला आणि अडीचशेहून अधिक माणसे, म्हणजे अख्खे गाव, जहाजाने इंग्लंडला हलवावे लागले. तेथे डॉक्टरांनी त्यांची कसून तपासणी केली, तेव्हा जवळजवळ निम्म्या लोकांस दमा असल्याचे दिसून आले. १९६२ च्या अखेरीस बेटकऱ्यांनी मतदान केले. १४८ जणांनी परत जाण्याच्या बाजूने कौल दिला, विरुद्ध केवळ ५. इंग्लंडच्या सुखसोयी सोडून ही मंडळी १९६३ साली आपल्या बटाट्यांच्या मळ्यांकडे परतली. (मायभूमीची ओढ म्हणतात ती हीच, असो.)

त्यानंतर १९९३ साली कॅनडातील टोरांटो विद्यापीठाचे डॉक्टर नोए झामेल यांच्या पथकाने बेटावर जाऊन २८२ जणांना तपासले. केवळ प्रश्न विचारून ते थांबले नाहीत. एका औषधाचा वाफारा हुंगावयास देऊन श्वासनलिका किती चटकन आवळतात, हेही त्यांनी मोजले. सुमारे ५७ टक्के लोकांत दम्याची पूर्ण अथवा अंशतः लक्षणे आढळली. वंशावळींची नोंद नीट ठेवलेली असल्याने शोध मागे नेता आला, आणि मूळच्या वसाहतकऱ्यांपैकी काही जण स्वतःच दमेकरी असावेत, असा निष्कर्ष निघाला.

येथे वाचकांनी एक भेद ध्यानी घ्यावा. नात्यात लग्ने झाली म्हणून दमा उपजला, असे नव्हे. घागरभर दुधास चमचाभर विरजण पुरते. तद्वत मूठभर पूर्वजांपैकी दोघातिघांच्या रक्तातील दम्याचा कल साऱ्या गावात पसरला, कारण बाहेरचे रक्त मिसळण्यास वावच नव्हता. नात्यातील विवाहांचा धोका अन्य कित्येक विकारांच्या बाबतीत याहून थेट असतो. आपल्या सीमाभागात मामाभाचीचे वा मामेबहिणीशी लग्न जुळविण्याची चाल काही घराण्यांत अद्याप दिसते. ख्रिस्तसभेने अशा विवाहास प्रतिबंध ठेवला आहे व बिशपांची सूट मागावी लागते. ती केवळ कागदी अडचण आहे, असे समजणाऱ्यांनी डॉक्टरांचेही मत विचारून पाहावे.

परंतु रक्तातून येतो तो केवळ कल. झटका येण्यास काही निमित्त लागते. त्रिस्तानवर एक निमित्त जहाजातून येई. १९६० च्या दशकात तेथील डॉक्टरांनी नोंदी ठेवल्या, तेव्हा असे दिसले की केपटाउनचे जहाज आले की काही दिवसांत गावभर पडसे पसरते आणि पुढे ते आपोआप विझून जाते. दमेकऱ्याच्या छातीस असे साधे पडसेही जड जाते.

निमित्ताचे सामर्थ्य केवढे असते, हे दुसऱ्या एका बेटावर अधिक स्पष्ट दिसले. न्यू गिनी या अवाढव्य बेटाच्या डोंगराळ भागात फोरे नावाचे लोक राहतात. १९७० च्या सुमारास त्यांच्यात दमा हजारी दोनतीन जणांस होता. दहाबारा वर्षांत प्रौढांमध्ये तो शेकडा सातांवर गेला. एवढ्या अल्पावधीत कोणाचे रक्त बदलत नाही. तपास करता कारण सापडले ते ब्लँकेटांत! बाहेरून आलेली ब्लँकेटे न धुता वर्षानुवर्षे वापरली गेली आणि त्यांत डोळ्यांस न दिसणारे धुळीतील कीटक अतोनात माजले. हे कीटक माणसाच्या अंगाच्या झडलेल्या कोंड्यावर जगतात आणि त्यांची विष्ठा श्वासाबरोबर आत जाऊन दमा चेतविते. त्याच डोंगराळ भागात थंडीपायी बिनखिडकीच्या झोपड्यांत रात्रभर विस्तव ठेवून निजण्याची रीत होती. तेथील प्रौढांमध्ये, स्त्रियांतही, कायमचा खोकला व धाप यांचे प्रमाण मोठे आढळले.

आता आपल्या घराकडे वळू. बेळगावकडील पावसाळ्यात घोंगडी, वाकळ, उशा चार महिने ओलसरच असतात. ऊन पडताच त्या बाहेर काढून कडक वाळवाव्या, अभ्रे व चादरी कढत पाण्यात धुवाव्या. दमेकऱ्याच्या अंथरुणाची तर विशेष निगा राखावी. लाकडे व गोवऱ्या जाळणाऱ्या माउलीच्या छातीत वर्षानुवर्षे जो धूर जातो, त्याने श्वासनलिका कायमच्या अरुंद होतात. मग पन्नाशीतच जिना चढवत नाही, आणि घरचे म्हणतात, वय झाले. ज्यांच्याकडे गॅसची टाकी आहे त्यांनी ती केवळ पाहुण्यांच्या चहापुरती ठेवू नये. विडी-सिगारेट ओढणाऱ्याने निदान मुलांच्या खोलीत तरी ती ओढू नये. खरे तर सोडावीच.

दमा हा शाप नव्हे, किंवा मुलीच्या लग्नात लपवावयाचे वैगुण्यही नव्हे. हैदराबादेस मृग नक्षत्राच्या सुमारास तोंडात औषध भरलेला जिवंत मासा गिळण्यास हजारो लोक रांगा लावतात. त्याने दमा जातो असे सिद्ध झालेले नाही. तोंडाने हुंगण्याच्या औषधास आपण पंप म्हणतो. त्याची सवय लागते, ही भीती निराधार आहे. एका जातीचा पंप आवळलेली नलिका तात्काळ मोकळी करतो, दुसरा तिची आतली सूज उतरवितो व तो बरे वाटत असतानाही डॉक्टर सांगतील तितके दिवस घ्यावा लागतो. पुष्कळजण पहिलाच तेवढा बाळगतात आणि दुसरा पैसे वाचविण्यासाठी सोडून देतात. मग मध्यरात्री गाडी शोधण्याची पाळी येते. बोलताना वाक्य पुरे होत नसेल, ओठ निळसर दिसू लागले असतील, अथवा पंप घेऊनही धाप उतरत नसेल, तर सकाळची वाट न पाहता रोग्यास त्याच घटकेस इस्पितळात न्यावे.