कांद्याची सांखळी : शेतापासून स्वयंपाकघरापर्यंत

शहरांतील गृहस्थ कांद्याचा विचार बहुधा दोनच प्रसंगीं करतो; तो महागला म्हणजे, किंवा टोपलींत नासून त्याची दुर्गंधि सुटली म्हणजे. या दोन्ही गोष्टींचें मूळ पुष्कळ अंशीं एकच आहे, व त्याचा शोध नाशिक जिल्ह्यांतील शेतांत घ्यावा लागतो.

महाराष्ट्रांत कांदा तीन हंगामांत निघतो. खरिपाचा कांदा साधारणतः ऑक्टोबरपासून, रांगडा जानेवारीपासून व उन्हाळी मार्चअखेरीपासून बाजारांत येतो. पहिले दोन फार दिवस टिकत नाहींत. म्हणून भर पावसाळ्यांत देशाची गरज बहुतांशीं सांठविलेल्या उन्हाळी कांद्यावरच भागते.

आतां टिकणें म्हणजे काय, हें पाहिलें पाहिजे. कांदा हा काढल्यावरहि सजीवच असतो. तो श्वसन करतो, त्यांतील पाणी उडून वजन घटतें, आणि विश्रांतीचा काळ संपतांच त्यास कोंब फुटतो. काढणीपूर्वीं सुमारें दोन आठवडे पाणी तोडलें, कांदा पातीसह शेतांत सुकविला व थोडी मान राखून पात कापली, तर मान मिटते व रोगजंतूंस वाट मिळत नाहीं. उलट युरियाच्या हव्यासानें पोसलेल्या कांद्याची मान जाड राहते; तो चाळींत प्रथम सडतो व शेजाऱ्यांसहि नासवितो. चाळहि जमिनीपासून उंच, अरुंद व हवेशीर असावी लागते. एवढें करूनहि चार-सहा महिन्यांत सांठ्याचा तिसरा हिस्सा गमावणें नवलाचें नाहीं. त्याबरोबर त्यांत खर्चिलेलें पाणी, खत व श्रमहि मातीमोल होतात.

ज्यास चाळ नाहीं किंवा ज्यास कर्जाचा हप्ता भरावयाचा आहे, तो काढणीसरशीं माल विकतो. नेमका तेव्हांच भाव पडलेला असतो. रिझर्व्ह बँकेनें २०२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासानुसार कांद्यासाठीं ग्राहकानें दिलेल्या रुपयांतील सुमारें ३६ पैसे उत्पादकाच्या हातीं पडतात. उरलेले सर्व पैसे नफेखोराचेच असतात असें मात्र नव्हे. गोणी, हमाली, वाहतूक व घट यांचाहि भार त्यांतच असतो.

भाव चढला कीं शहरांत ओरड होते. २०१९ व २०२० सालीं, तसेंच डिसेंबर २०२३ पासून मे २०२४ पर्यंत, सरकारनें निर्यात बंद केली. ग्राहकास त्यामुळें कांहीं काळ दिलासा मिळतो. परंतु चढत्या भावाची आशाच खुंटली, तर शेतकरी चाळींत पैसा कशासाठीं गुंतवील? चाळी कमी म्हणजे सांठा कमी, व सांठा कमी म्हणजे पुढील पावसाळ्यांत पुन्हा टंचाई. आज वाचविलेला पैसा असा उद्यां दामदुपटीनें द्यावा लागतो.

जी जमिनीचा कस राखते, पिकविणाऱ्यास पुन्हा पेरण्याचें बळ देते व खाणाऱ्यास परवडते, तीच अन्नव्यवस्था टिकाऊ म्हणावी. यांतील एक कडी तुटली कीं उरलेल्या दोन फार दिवस तग धरीत नाहींत. गृहिणीनें उन्हाळ्यांत बारीक मानेचा, कोरडा, मध्यम आकाराचा कांदा शेतकऱ्यांच्या गटाकडून घ्यावा, व तो प्लास्टिकच्या पिशवींत न कोंडतां हवेशीर जागीं पसरून ठेवावा. सांखळीची शेवटची कडी तिच्याच हातीं आहे.