राजधानीत कोण कुठून आलं

पहाटे ४:३०

गेवराई तालुक्यातल्या आमच्या शाळेसमोर एस.टी. उभी आहे. शालेय सहलीला महामंडळ निम्म्या भाड्याची सवलत देतं, म्हणून ही सहल निघू शकते. थंडी कडाक्याची आहे. मुलांना सोडायला आलेल्यांत आज्याच जास्त आहेत, कारण आई-बाप ऊसतोडीला, कोयत्यावर गेलेत. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाच्या टोळ्या निघाल्या, काही सांगली-कोल्हापूरकडं, काही कर्नाटकात. ते परततील गुढीपाडव्याच्या मागंपुढं. एक आजी डब्याचं फडकं पुन्हा घट्ट बांधते आणि म्हणते, "गुरुजी, लई उंच चढवू नका बरं लेकराला."

आजची सहल देवगिरीला आहे, म्हणजे पुस्तकातल्या दौलताबादला. सातवीच्या इतिहासात यादव, खलजी, तुघलक भराभर येतात आणि निघून जातात. राजांची नावं पाठ होतात, राजधानी मात्र डोळ्यांपुढं उभी राहत नाही. ती पायी फिरूनच कळते. काल प्रत्येकाच्या वहीत मी एक तक्ता आखून घेतला. त्यात पाच रकाने आहेत : कोण आलं, कुठून आलं, कुणाच्या हुकमानं आलं, काय मिळालं, काय गेलं. दिवसभर प्रत्येक वास्तूसमोर तो भरायचा आहे.

सकाळी ६:१५

शहागडच्या पुलावर गोदावरी ओलांडतो. अजून पुरतं उजाडलेलं नाही. जागी असलेल्या मुलांना मी राक्षसभुवनाची आठवण देतो. ते गोदाकाठचं गाव आमच्याच तालुक्यातलं. १७६३ च्या ऑगस्टमध्ये तिथं माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेचा पराभव केला होता. लढाई आमच्या शिवारात झाली, पण ती लढणाऱ्यांची ठाणी दुसरीकडंच होती. आमचा भाग कधी राजधानी झाला नाही. राजधान्या मात्र आमच्यावर येत गेल्या. देवगिरी, गुलबर्गा, बीदर, अहमदनगर, दिल्ली आणि शेवटी १९४८ पर्यंत हैदराबाद. गावं जागच्या जागी राहिली, सारा भरायचं ठिकाण तेवढं बदलत गेलं.

सकाळी ८:४५

छत्रपती संभाजीनगर मागं टाकून पुढं आलो, तसा डोंगर दिसू लागला. एकटा, शंकूसारखा, सुमारे दोनशे मीटर उंच. खालचा भाग सरळ तासलेला आणि माथा निमुळता. बस तटबंदीतून आत शिरते. हा सगळ्यात बाहेरचा कोट म्हणजे अंबरकोट. बहुतेक पर्यटक त्याच्याकडं न बघता पुढं जातात, कारण त्यांना गड पुढं आहे असं वाटतं. मी मुलांना इथंच सांगून ठेवतो, की आपण आता शहराच्या आत आलो. पूर्वी या तटाच्या आत वस्ती होती. अंबरकोटाची पूर्ण गोष्ट परतीच्या वेळी.

झाडाखाली दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाऊन होते. पंधरा वर्षांखालच्या मुलांना पुरातत्त्व खात्याचं तिकीट लागत नाही, तेवढा खर्च वाचतो.

सकाळी ९:३०

महाकोटाच्या पहिल्या दरवाजाशी आमचा वाटाड्या भेटतो. जवळच्याच गावातला माणूस, गडावर माणसं फिरवण्यात त्याचं आयुष्य गेलेलं. तो मुलांना दारावरच्या टोकदार लोखंडी खिळ्यांपुढं उभं करतो. "पोरांनो, हत्तीनं डोकं लावलं तर काय होईल?" उत्तर सगळ्यांना येतं. मग तो वाटेचं वळण दाखवतो. एका दारातून आत आल्यावर समोर दुसरं दार नसून भिंत असते, वळावं लागतं, आणि वळणाऱ्या माणसावर वरून मारा करता येतो. इथं वाटसुद्धा शत्रूला दमवण्यासाठी आखलेली आहे.

मी पहिली नोंद सांगतो. यादव भिल्लम पाचवा यानं बाराव्या शतकाच्या शेवटी, ११८७ च्या सुमारास, इथं राजधानी केली. त्याचा नातू सिंघण याच्या काळात राज्य सगळ्यात मोठं झालं. सिंघणाचा सेनापती खोलेश्वर आपल्या अंबाजोगाईचा. तिथं त्याच्या नावाचं देऊळ आहे, त्याचे शिलालेख आहेत. हे ऐकून मुलं ताठ होतात. बीड जिल्ह्यातला माणूस या दरवाजातून ये-जा करत असणार, ही कल्पना त्यांना आवडते. पहिल्या रकान्यात खोलेश्वराचं नाव मोठ्या अक्षरात पडतं.

सकाळी १०:१५

हत्ती हौद. एवढा मोठा, की मुलं आधी काठावरून पळत फेरी मारतात. राजधानीत सर्वात आधी काय लागतं, असं मी विचारतो. "पाणी," एकदम सगळे. दुष्काळात टँकरमागं धावलेल्या मुलांना हे शिकवावं लागत नाही. डोंगरउतारावरचं पाणी अडवून, आणून, साठवून हे शहर जगलं. इथं पाणी भरणाऱ्या बायकांची नोंद कुठल्या रकान्यात करायची, असं एक मुलगी विचारते. मी म्हणतो, पहिल्याच. ती लिहिते : "पाणी भरणाऱ्या. कुठून, माहीत नाही."

शेजारी भारतमाता मंदिर. चौदाव्या शतकाच्या आरंभी खलजींच्या काळात मशीद म्हणून बांधलेली ही वास्तू, तिचे खांब त्याहून जुन्या देवळांचे. हैदराबाद संस्थान १९४८ मध्ये भारतात आलं, त्यानंतर इथं भारतमातेची मूर्ती बसली. देऊळ, मशीद आणि पुन्हा मंदिर. या एका सभामंडपात तीन काळ उभे आहेत. मी मुलांना खांबांना हात लावून कोरीव काम बघू देतो आणि कुणाच्या बाजूनं बोलत नाही. दगड घडवणाऱ्याचं कौशल्य तिन्ही काळांत तेच होतं, एवढं सांगतो.

सकाळी ११:००

चांद मिनार. बहमनी सुलतान अलाउद्दीनच्या काळात, पंधराव्या शतकात उभारलेला. बहमनी राज्याचा जन्मच या गावात झाला. १३४७ मध्ये दिल्लीविरुद्ध उठलेल्या सरदारांनी हसन नावाच्या आपल्यातल्या एकाला इथं गादीवर बसवलं, आणि त्यानं लगेच राजधानी गुलबर्ग्याला हलवली. मुलं विचारतात, मग मिनार इथं का? वाटाड्या सुरेख उत्तर देतो. "राजा दुसरीकडं राहिला तरी हा गड आपला हाय, हे लांबून दिसलं पाहिजे ना!"

काळाकोटाच्या आत चिनी महाल लागतो. भिंतीवर निळ्या टाइल्सचे थोडे तुकडे उरलेत. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशहा याला औरंगजेबानं १६८७ नंतर इथं कैदेत ठेवलं. त्याचं उरलेलं आयुष्य याच गडावर गेलं. वहीत नोंद होते : तानाशहा, गोवळकोंड्याहून, औरंगजेबाच्या हुकमानं. "काय गेलं" या रकान्यात कुणी "राज्य" लिहितं, कुणी "घर".

या गडावर माणसं मारलीही गेली. १६२९ मध्ये जिजाऊंचे वडील लखुजी जाधवराव यांना अहमदनगरच्या निजामशहाच्या दरबारात मुलांसह ठार केलं, ते इथंच. त्याचं पुढं काय झालं ते मुलांना पुढच्या धड्यात कळेल. जिथं ते घडलं ती जागा मात्र आज पायाखाली आहे. मुलं काही वेळ गप्प राहतात.

दुपारी १२:००

खंदक. डोंगराचा खालचा भाग सरळ तासून पन्नास मीटरच्या आसपास उभा कडा केलेला, आणि त्याच्या पायथ्याशी खडकातच कोरलेला खंदक. आता वर पूल आहे. मी मुलांना पुलावर थांबवून टाकीचे घाव दाखवतो. हातोडा आणि छिन्नीनं हा डोंगर सोलला आहे. भिल्लमाचं नाव आपल्याला माहीत आहे, हा दगड फोडणाऱ्या एकाचंही नाव मला या गडावर कुठं दिसलेलं नाही. कारखान्यावर साखरेच्या पोत्यावर ऊस तोडणाऱ्याचं नाव नसतं, हे या मुलांना ठाऊक आहे. ती पटकन लिहितात.

मग अंधारी, म्हणजे खडकातून वर जाणारी अंधारी वाट. मोबाइलच्या उजेडात, वटवाघळांच्या वासात, वळणावळणाच्या पायऱ्या. मोठी मुलं लहानांचे हात धरतात. वरच्या तोंडाशी आग पेटवून आतल्या शत्रूला धुरानं गुदमरवण्याची सोय होती, असं वाटाड्या सांगतो. इतका पक्का गड, पण १२९६ मध्ये अलाउद्दीन खलजी अचानक आला तेव्हा यादव राजा रामचंद्रदेवाला तह करावा लागला. यादवांची मुख्य फौज बाहेर होती, आणि बखरकार सांगतात, की धान्य म्हणून गडावर चढवलेली पोती मिठाची निघाली. तट, खंदक, अंधारी सगळं शाबूत होतं. खायला नव्हतं.

दुपारी १:१५

बारादरी. मुघलांच्या काळातली ही इमारत, शाहजहान १६३६ मध्ये इथं आला होता. वारा जोरात आहे. खाली तिन्ही कोट, मिनार आणि शेतं दिसतात. आज मला सर्वात जास्त वेळ इथं द्यायचा आहे.

१३२७ मध्ये महंमद तुघलकानं दिल्लीची राजधानी इथं आणली आणि या गावाला दौलताबाद नाव दिलं. दिल्ली इथून सुमारे अकराशे किलोमीटर. इब्न बतूता हा प्रवासी ही वाट चाळीस दिवसांची असल्याचं लिहितो. सरदार, अंमलदार, विद्वान, सूफी, त्यांचे घरोबे, नोकर-चाकर या वाटेनं आले. सगळी दिल्ली आली असं जुनी पुस्तकं म्हणतात, आजचे इतिहासकार ते मानत नाहीत. पण आले ते मनानं आले नाहीत, याबद्दल फारसा वाद नाही.

एक मुलगा हात वर करतो. त्याचे आई-वडील सध्या कर्नाटकात आहेत. "सर, त्यांला उचल भेटली का?" उचल म्हणजे ऊसतोडीला निघण्याआधी मुकादम देतो ती आगाऊ रक्कम.

इतिहासाच्या कुठल्याही पुस्तकात हा प्रश्न मी वाचलेला नाही, पण त्याचं उत्तर जुन्या ग्रंथांत आहे. मी सांगतो, हो, भेटली. इब्न बतूता लिहितो, सुलतानानं लोकांची घरं विकत घेऊन किंमत दिली. दरबारात वावरलेला झियाउद्दीन बरनी लिहितो, की निघताना आणि पोचल्यावर त्यांना भरपूर देणग्या दिल्या. तरी तोच बरनी म्हणतो, की वाटेत कितीतरी माणसं मेली, आणि पोचलेली परक्या मुलखात रमली नाहीत.

"मग माघारी कवा गेले?"

काही वर्षांनी सुलतानानं परत जायची मुभा दिली. काही गेले, काही इथंच राहिले. बुऱ्हानुद्दीन गरीब हे सूफी राहिले, त्यांची कबर जवळच खुलताबादला आहे. राहिलेल्यांच्या बोलीतून पुढं दक्खनी भाषा वाढली. आणि तुघलकाची एक खूण आपल्याकडंही आहे. त्याचा दात पडला तेव्हा तो थाटानं पुरला, असं फरिश्ता लिहितो, आणि बीडजवळच्या डोंगरावर ती दाताची कबर दाखवतात. सुलतानाच्या दाताला कबर मिळाली. त्याच्या हुकमानं निघून वाटेत पडलेल्या माणसांची नोंद आपण आज वहीत करायची.

त्या वाऱ्यात वह्या धरून मुलं लिहीत बसतात. पाचही रकाने पहिल्यांदाच भरतात. "काय मिळालं" खाली उचल. "काय गेलं" खाली एकीनं लिहिलंय, "शाळा".

दुपारी २:३०

उतरताना जनार्दनस्वामींच्या स्थानी थांबतो. स्वामी निजामशाहीत या गडाचे किल्लेदार होते आणि एकनाथांचे गुरू. लहानगे एकनाथ पैठणहून इथं आले. कुणाच्या हुकमानं? मुलं गोंधळतात. एक म्हणते, "कुणाच्याच नाही, सर. त्यांच्या मनानं." तक्त्यात असं उत्तर एकदाच येतं, आणि ते आलं याचा मला फार आनंद होतो. राजधानीला शिकायलाही येता येतं.

दुपारी ४:००

खाली जेवणं उरकून अंबरकोटाशी येतो. हा कोट ज्याच्या नावानं ओळखला जातो तो मलिक अंबर इथिओपियात जन्मला. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, पुन्हा पुन्हा विकला गेला, आणि अखेर दख्खनमध्ये आला. इथं तो निजामशाहीचा पेशवा झाला. मुघलांना त्यानं वर्षानुवर्षं रोखून धरलं, जमीनमहसुलाची घडी बसवली, आणि आज आपण ज्या शहरातून आलो ते खडकी गाव १६१० मध्ये वसवून तिथं नहरीनं पाणी आणलं. १६२६ मध्ये तो वारला. सात वर्षांत हा गड मुघलांच्या हाती गेला.

मुलं या तटाकडं आता वेगळ्या नजरेनं बघतात. सकाळी तो बसच्या खिडकीतून गेलेला एक पडका दगडी तट होता. विकल्या गेलेल्या एका मुलाचं नाव त्याला आहे, हे कळल्यावर ती खाली उतरून त्याच्यापाशी उभी राहतात.

रात्री ८:३०

गावात आज्या वाट बघत उभ्या आहेत. मी यादी वाचत एकेक मूल हाती देतो. बस पाठवून देतो आणि मुख्याध्यापकांना फोन करून सगळे सुखरूप पोचल्याचं कळवतो.

रात्री ९:३०

सहलीचा अहवाल लिहायला बसलोय. खर्च, वेळ, भेट दिलेली स्थळं हे सगळं छापील नमुन्यात मावतं. खरं काम पुढच्या आठवड्यात आहे. आज आखलेला तक्ता मुलं दुसऱ्या पानावर पुन्हा आखतील आणि त्यात आपल्या घरचं लिहितील. कोण गेलं, कुठल्या कारखान्यावर, कुठल्या मुकादमाबरोबर, किती उचल, आणि काय मागं राहिलं. ज्यांना माहीत नाही ती फोनवर विचारतील, आणि जे फोनवर सांगता येत नाही ते पाडव्याला आई-बाप परतल्यावर त्यांच्याजवळ बसून लिहून घेतील.

राजधानी बघितल्याचा मला हवा असलेला परिणाम तो आहे. राजांच्या वास्तू बघून मुलांनी राजांपुढं दिपून जाऊ नये, आणि त्यांचा रागही धरू नये. हुकूम कुणाचा आणि पाय कुणाचे चालले, हे विचारायची त्यांना सवय लागावी. देवगिरीच्या वाटेवर पडलेल्यांची नावं लिहायला त्या वेळी त्यांचं कुणी नव्हतं. ऊसतोडीला गेलेल्या माणसांची नावं लिहायला त्यांची मुलं आहेत, आणि त्यांना ते लिहायला शिकवणं हे माझं काम आहे.