क्लच नाही, पण तेल आहेच!

१९८४ मध्ये कायनेटिक होंडा आली आणि गिअरची कटकट नसलेली स्कूटर बायकांच्या हाती पडली. २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओनं कमी किमतीत ऑटोमॅटिक गिअर दिला आणि हळूहळू तालुक्याच्या गावीही मैत्रिणी अशा गाड्या चालवू लागल्या. पण बॉनेट उघडायची वेळ आली, की अजूनही 'ह्यांना' किंवा मेकॅनिकला हाक! निदान गिअरबॉक्सच्या तेलाबद्दल तरी आपल्याला माहिती हवीच.

हे तेल इंजिन ऑइलपेक्षा वेगळं. त्याला 'एटीएफ' म्हणतात. ते नुसतं वंगण नाही. इंजिनाची ताकद त्याच्यातूनच पुढे जाते आणि त्याच्याच दाबानं गिअर बदलतात. ते कमी झालं, की 'डी' टाकल्यावर गाडी उशिरा हलते, धक्के देते किंवा इंजिन नुसतंच ओरडतं. तसंच रेटत राहिलं, तर गिअरबॉक्स तापून झिजतो आणि दुरुस्तीत घरचं बजेट कोलमडतं.

आधी गाडी ओळखा

एएमटी गाडीत आतला गिअरबॉक्स साधाच असतो, क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम फक्त यंत्र करतं. तिथे एटीएफ नसतं. सीव्हीटी आणि ड्युअल क्लच गाड्यांची तेलंही वेगळी. बऱ्याच नव्या गाड्यांत तर तेल मोजायची पट्टीच नसते. गाडी उचलून, तेलाचं तापमान बघून वर्कशॉपमध्येच पातळी तपासतात. तिथे घरी प्रयोग नकोत. आपल्या गाडीत काय आहे, हे गाडीसोबतच्या पुस्तिकेत असतं.

पट्टी असेल तर...

* गाडी पंधरा-वीस मिनिटं चालवून सपाट जागी लावा. हँडब्रेक ओढा.
* ब्रेक दाबून धरून गिअरचा दांडा सगळ्या खुणांवरून फिरवा, शेवटी 'पी'वर आणा.
* बहुतेक गाड्यांत इंजिन चालू ठेवूनच पाहतात, काहींत बंद करून. पुस्तिका सांगेल तसंच करा.
* ओढणी, पदर, मोकळे केस आधी नीट बांधा. पंखा आणि पट्टे फिरत असतात, भाग तापलेले असतात.
* पट्टी काढून धागे न सुटणाऱ्या फडक्यानं पुसा, पुन्हा पूर्ण आत घाला, काढून बघा. तेल गरम असताना 'हॉट'च्या दोन खुणांमध्ये हवं.

रंग आणि वास

चांगलं एटीएफ बहुधा लालसर आणि पारदर्शक दिसतं. काळपट, करपट वासाचं असेल, तर मेकॅनिक गाठा. गुलाबी दुधासारखं दिसलं, तर आत पाणी शिरलंय. मग गाडी चालवूच नका.

पातळी कमी असेल, तर पुस्तिकेत सांगितलेलंच तेल, थोडंथोडं घाला. जास्त झालं तर फेस येतो आणि दाब कमी पडतो.

आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. हे तेल जळून संपत नाही. कमी झालंय म्हणजे बहुतेक वेळा कुठेतरी गळतंय. त्यामुळे मेकॅनिक नुसतं 'टाकून देतो, ताई' म्हणाला, तर शांतपणे विचारा, 'आधीचं गेलं कुठे?'