न हादरता सरकणारी जमीन

२८ नोव्हेंबर १९४५ रोजी पहाटे साडेतीनच्या सुमारास मकरानच्या किनाऱ्याजवळ, आजच्या पाकिस्तानातल्या पसनी गावाच्या दक्षिणेला, समुद्रतळ तुटला. भूकंपाची तीव्रता होती ८.१. त्यातून उठलेली त्सुनामी सकाळी सव्वाआठला मुंबईत पोचली. लाट सुमारे दोन मीटर उंच होती आणि तिने पंधराएक माणसे ओढून नेली. रत्नागिरीच्या मांडवी बंदरावरून वायव्येला पाहिले, तर ती जागा साधारण साडेतेराशे किलोमीटरवर येते. मध्ये आडवे काही नाही, नुसता समुद्र.

मांडवीची काळी वाळू आणि तिच्यामागचा कातळ भारतीय भूपट्टावर आहे, त्या पट्टाच्या कडेपासून बराच आत. मकरानला मात्र अरबी भूपट्ट युरेशियाच्या भूपट्टाखाली जातो, वर्षाला काही सेंटिमीटर. अशा जागेला अधोगमन क्षेत्र म्हणतात. जगातले सर्वांत मोठे भूकंप अशाच क्षेत्रांत झाले आहेत. वरचा आणि खालचा खडक एकमेकांत अडकून राहतात, शे-दोनशे वर्षे ताण साठतो आणि एके दिवशी अडक सुटते, हे त्यांचे जुने वर्णन. ते खरे आहे, पण अपुरे आहे, हे गेल्या पंचवीस वर्षांत कळले.

१९९९ च्या उन्हाळ्यात कॅनडाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर आणि शेजारच्या अमेरिकेत बसवलेली सात जीपीएस केंद्रे काही आठवडे नेहमीच्या उलट दिशेने, समुद्राकडे सरकली. सरकली ती जेमतेम काही मिलिमीटर. हर्ब ड्रॅगर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिशेब मांडला, तेव्हा दिसले की खोलवर, सुमारे ३०० किलोमीटर लांब आणि ५० किलोमीटर रुंद भागात, दोन्ही पट्ट एकमेकांवरून साधारण दोन सेंटिमीटर घसरले होते. हेच काम एका क्षणात झाले असते, तर तो ६.७ तीव्रतेचा भूकंप ठरला असता. इथे कुणाच्या घरातली कपबशीही वाजली नाही. पुढे जुन्या नोंदी चाळल्यावर हा प्रकार त्या भागात दर चौदा महिन्यांच्या आसपास होतो असे आढळले. जपानमध्ये काझुशिगे ओबारा यांनी २००२ मध्ये जमिनीच्या पोटातली एक दीर्घ, बारीक थरथर जगापुढे आणली होती. कॅनडात ती थरथर आणि ही संथ घसरण जोडीने येतात, हे पुढच्याच वर्षी सिद्ध झाले. मला अलीकडच्या शोधांतला हा सर्वांत विलक्षण वाटतो, कारण ही घटना आपल्या पायाखाली कायमच घडत होती. ती पाहण्याइतकी बारीक मोजपट्टी तेवढी नव्हती.

हे होते कसे? कोरड्या वाळूवरून होडी ओढताना ती आधी हलतच नाही, मग हिसका देऊन पुढे जाते. खाली चिखल असला तर हळूहळू घसरत राहते. खाली जाणाऱ्या भूपट्टातल्या खनिजांत पाणी बांधलेले असते. उष्णता आणि दाब वाढला की ते सुटते, भेगांत साठते आणि खडकांची पकड ढिली करते. पकड पूर्ण घट्टही नाही आणि पूर्ण सुटलेलीही नाही, अशा पट्ट्यात संथ घसरण होते. तिच्या कडेला असलेले लहान घट्ट तुकडे पटापट तुटले, की शेकडो छोटे भूकंप एकामागून एक येतात. टोकियोजवळच्या बोसो द्वीपकल्पात दर काही वर्षांनी असेच होते आणि ओसरते.

दर वेळी मात्र ओसरत नाही. चिलीच्या इकीकेपुढच्या समुद्रात मार्च २०१४ मध्ये धक्क्यांची मालिका सुरू झाली, तिच्या सोबतीने संथ सरकणेही नोंदले गेले आणि १ एप्रिलला ८.२ तीव्रतेचा भूकंप झाला. ११ मार्च २०११ च्या जपानमधल्या महाभूकंपाआधीही अशी हालचाल त्याच्या केंद्राकडे सरकत गेली होती. कोणती मालिका विरणार आणि कोणती भडकणार, हे आधी सांगण्याची रीत आज विज्ञानाकडे नाही. तसा दावा करणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

महाराष्ट्राला भूकंपमालिका नव्या नाहीत. पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरीकडे नोव्हेंबर २०१८ पासून धक्के सुरू झाले, धुंदलवाडीच्या परिसरातले लोक थंडीत घराबाहेर तंबूंत झोपले. हजारो धक्के नोंदले गेले, पण मोठा मुख्य धक्का आला नाही. कोयनेत उलट घडले. १९६२ मध्ये धरणात पाणी साठू लागल्यावर लहान धक्के जाणवू लागले आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ तीव्रतेच्या भूकंपाने सुमारे दोनशे जीव घेतले. या दोन्ही जागा पट्टाच्या पोटातल्या आहेत, तिथे अधोगमन नाही. तरी तिथेही संशोधकांचे लक्ष भेगांतल्या पाण्याकडेच गेले आहे. म्हणूनच कोयना परिसरात गोठणे इथे तीन किलोमीटर खोल छिद्र पाडून खडक तपासला गेला.

मकरानचा पूर्व भाग १९४५ मध्ये तुटला. इराणकडचा पश्चिम भाग आधुनिक काळात गप्प आहे. तो घट्ट अडकून ताण साठवतो आहे की न हादरता सरकून ताण सोडतो आहे, हा प्रश्न अजून खुला आहे. न्यूझीलंडच्या गिस्बर्नपुढे २०१४ मध्ये समुद्रतळावर ठेवलेल्या दाबमापकांनी तळ काही सेंटिमीटर वर उचलला गेल्याचे पकडले. अशी उपकरणे मकरानच्या तळावर वर्षानुवर्षे ठेवावी लागतील. त्याशिवाय उत्तर मिळणार नाही. ते उत्तर पाकिस्तान आणि इराणइतकेच कोकणालाही हवे आहे.

रत्नागिरीतल्या मांडवी, राजिवडा, मिरकरवाडा इथल्या लोकांनी एवढे ध्यानात ठेवावे. इतक्या दूरचा भूकंप इथे जाणवेलच असे नाही, पण लाट यायला काही तास लागतात. हैदराबादच्या 'इन्कॉइस' संस्थेतले त्सुनामी पूर्वसूचना केंद्र २००७ पासून याच कामासाठी चालते. इशारा आला, किंवा ओहोटीची वेळ नसताना पाणी एकदम खूप आत गेले, तर ते पाहायला वाळूत उतरू नका, उंच जागी जा. पहिली लाट परतली म्हणून लगेच खाली येऊ नका. मागून येणारी लाट तिच्याहून मोठी असू शकते.