शेणकिडा आणि झुडपी रातकिडा

पावसाळ्याच्या आरंभी गायरानातील शेणाचा पो उलथून पाहिला असता त्याखाली काळे, टणक पाठीचे भुंगेरे जमीन उकरताना दिसतात. हाच शेणकिडा होय. त्याच सुमारास बांधावरील गवतात लांब मिशांचा हिरवा झुडपी रातकिडा आढळतो. किडा दिसला की तो शत्रूच, असे समजून दोहोंवर औषध मारणे हितावह नाही.

शेणकिड्याची मादी जमिनीत बीळ करून शेण आत नेते, त्याचे गोळे करते व प्रत्येक गोळ्यात एक अंडे घालते. अळी त्या शेणावरच वाढते, पुढे कोष करते व मग भुंगेरा बाहेर पडतो. यामुळे खत मुळांपाशी जाते, जमीन भुसभुशीत होते, पाणी मुरते आणि शेणात वाढणाऱ्या माश्यांस आळा बसतो. ऑस्ट्रेलियात तेथील मूळचे शेणकिडे गाईच्या शेणास सरावलेले नव्हते. शेण कुरणावर तसेच वाळून पडे. म्हणून तेथे १९६८ पासून परदेशी शेणकिडे मुद्दाम सोडण्यात आले.

झुडपी रातकिड्याची रीत निराळी. त्यास कोषावस्था नाही. पिल्ले आईबापांसारखीच दिसतात, फक्त पंख पुरते फुटलेले नसतात. मिशा शरीराहून लांब असतात, तर नाकतोड्याच्या आखूड. नर पुढील पंख एकमेकांवर घासून आवाज करतो, आणि तो ऐकण्याचे कान पुढच्या पायांवर असतात. हा किडा पाने कुरतडतो हे खरे. परंतु भातशेतीत आढळणाऱ्या याच्या काही जाती खोडकिड्याची अंडीही खातात. म्हणून एकदोन पाने कुरतडलेली दिसताच फवारणीस धावू नये. नुकसान किती, ते आधी पाहावे.

येथे एक सावधगिरी अवश्य बाळगावी. शेणकिड्याची अळी व हुमणी या दोन्ही पांढुरक्या व वाकड्या असतात. शेणाच्या गोळ्यात सापडते ती शेणकिड्याची. ऊस वा भुईमूग यांच्या मुळांशी सापडते ती बहुधा हुमणी, व तिचा बंदोबस्त केलाच पाहिजे. तसेच गुरांना दिलेल्या जंतनाशकांपैकी आयव्हरमेक्टिनसारखी काही औषधे शेणावाटे बाहेर पडून शेणकिड्यांच्या अळ्या मारतात. ती पशुवैद्याच्या सल्ल्याने, गरज असेल तेव्हाच द्यावीत.

ग्रामसेवकांनी शेतकरी बंधूंना शेताच्या बांधावरच हे दोन्ही किडे दाखवावेत. ओळख पटली म्हणजे मित्रावर घाव घालण्याची चूक टळेल व औषधाचा खर्चही वाचेल.