स्वच्छ पाण्यातले मरण

आमच्या घरच्या काचेच्या टाकीत बारा निऑन टेट्रा आणि दोन गप्पी होते. तीन महिने सारे ठीक चालले. मग परीक्षा संपल्याच्या उत्साहात मी टाकी रिकामी केली, वाळू नळाखाली चोळून धुतली, गाळणीचा स्पंज पिळून लख्ख केला आणि ताजे पाणी भरले. पाणी कसे आरशासारखे! दुसऱ्या दिवशी सकाळी सात टेट्रा पालथे तरंगत होते. चार दिवसांत उरलेलेही गेले. आजी म्हणाली, "दृष्ट लागली."

दृष्ट कसली, माझाच हात लागला होता! नळाच्या पाण्यात जंतुनाशक म्हणून क्लोरीन असतो; तो माशांचे कल्ले पोळतो. पण खरा घात पुढे झाला. मासे पाण्यात सतत अमोनिया सोडतात. वाळूवर व स्पंजात वस्ती करणारे जीवाणू या विषाचे आधी नायट्राइट आणि मग पुष्कळच सौम्य असे नायट्रेट करतात. ही वस्ती जमायला चार-सहा आठवडे लागतात. तिलाच मी घाण समजून मोरीत सोडले होते. अमोनिया मात्र डोळ्यांना दिसत नाही.

निऑन मूळचा अ‍ॅमेझॉन खोऱ्यातल्या मृदू, किंचित आम्लधर्मी पाण्यातला. आमचे पाणी जड, अल्कधर्मी. अशा पाण्यात अमोनिया अधिकच जहाल होतो. काटक गप्पी तेवढे तगले.

आता आठवड्याला चौथा हिस्साच पाणी बदलतो, तेही बादलीत दिवसभर उघडे ठेवलेले. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलके खळबळतो. ते पाणी आई तुळशीला घालते.