दिवाळीनंतरचा पट

जिल्हा परिषदेच्या शाळेला किती शिक्षक मिळणार, हे 30 सप्टेंबरच्या पटावर ठरतं. त्या तारखेला महाडजवळच्या वरंध परिसरातल्या, कातकरी आदिवासींच्या वाड्यांवरची पोरं वर्गात असतात. भात निसवलेलं असतं, कापणीची मजुरी तोंडावर असते, आईबाप घरीच असतात. मग कापणी होते, झोडणी होते, दिवाळी येते. सहामाहीची सुट्टी संपून शाळा उघडते तेव्हा वाडीवरच्या बऱ्याच घरांच्या दारांत काटेरी फांदी आडवी लावलेली असते. माणसं कोळशाच्या भट्ट्यांवर गेली, ती आता पावसाच्या तोंडावर परतणार.

म्हणून इथल्या शिक्षिकेचं खरं काम दिवाळीआधी सुरू होतं. अशा एका बाईंबरोबर मी वाडीवर गेलो. सकाळी लवकरच जावं लागतं, उन्हं वर आली की घरात कोणी सापडत नाही. बाई शाळेचा विषय आधी काढतच नाहीत. "भात कुणाचं कापताय?" इथपासून बोलणं सुरू होतं आणि हळूच "यंदा शेठ कोण?" यावर येतं. शेठ कळला की गाव कळतं, गाव कळलं की पोर परत कधी येईल याचा अंदाज लागतो. वहीत त्या नाव, इयत्ता, भट्टीचा जिल्हा आणि मुकादमाचा फोन नंबर लिहितात. शेवटच्या रकान्यात लिहायचं असतं, मागे कोण राहू शकेल ते.

"पोरीला ठेवून जा," असं बाईंनी एका आईला सुचवलं. "उचल घेतलीय बाय, नाय जाऊन चालल काय? आनि धाकट्याला कोन बघल?" उचल पावसाळ्यातच घेतलेली असते, तांदळासाठी, दुखण्यासाठी, लग्नासाठी. ती सगळ्या घराने मिळून फेडायची. नवरा-बायको लाकूड तोडतात, भट्टी रचतात आणि आठ-नऊ वर्षांची मुलगी तान्ह्याला सांभाळते. तिच्या कामाची मजुरी कुठल्याच हिशेबात धरलेली नसते.

जाणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे. ते दाखवलं की तिकडच्या शाळेने मुलाला बसवून घ्यायचं, इकडच्या पटावरून नाव काढायचं नाही. वीटभट्टीवर ते कधीकधी चालतंही, कारण वीटभट्टी हंगामभर एका जागी असते आणि जवळ गाव असतं. कोळशाची भट्टी बाभळीच्या मागे फिरते. एका रानातली झाडं संपली की बिऱ्हाड पुढे. भट्टी कर्नाटकात लागली तर जवळची शाळा कानडी. घरी कातकरी बोली, शाळेत पुस्तकी मराठी आणि आता हे. बाई तरीही कार्ड भरतात, प्लास्टिकच्या पिशवीत घालून आईच्या हातात देतात.

जन्मतारखेचा घोळ निराळाच. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, असं 2009चा शिक्षणहक्क कायदा सांगतो. 'मोठ्या पुरात झाला', 'याच्या बहिणीच्या लग्नाआधी' अशा खुणांवरून बाई वर्ष काढतात आणि पूर्वीचे गुरुजी करत तशी 1 जून तारीख टाकतात. आधारवर वेगळीच तारीख निघाली की संगणक नाव परत पाठवतो.

गाव सोडून जाणं महाड-पोलादपूरला नवं नाही. इथल्या मराठा-कुणब्यांच्या कित्येक पिढ्या मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत गेल्या. त्यांना चाकरमानी म्हटलं गेलं, गणपतीला त्यांची वाट पाहिली गेली. अनेक गावांत देवळाचा सभामंडप आणि शाळेचं कुंपण चाकरमान्यांच्या मुंबई मंडळाच्या वर्गणीतून उभं आहे. कातकरी बाहेर पडला की मात्र 'या लोकांना शिक्षणाची आवडच नाही' असं पारावर ऐकू येतं. मला हे लबाडीचं वाटतं. चाकरमान्याचं पोर मुंबईत महापालिकेच्या शाळेत जाऊ शकलं, ते चाळीजवळ शाळा होती म्हणून. भट्टीजवळ ती नाही, एवढाच फरक आहे.

हक्क नुसता कागदावर असून भागत नाही, हे महाडला तरी वेगळं सांगायला नको. 4 ऑगस्ट 1923 रोजी रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबईच्या कायदेमंडळात जो ठराव मंजूर करून घेतला, त्यात सार्वजनिक पाणवठ्यांबरोबर सार्वजनिक शाळाही अस्पृश्यांना खुल्या करायच्या होत्या. महाड नगरपालिकेनेही नंतर चवदार तळं सर्वांना खुलं केलं, कागदावर. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब हजारोंसह त्या तळ्यावर चालत गेले, तेव्हा त्या कागदाला अर्थ आला आणि मारहाणही त्याच दिवशी झाली. हमी कार्डही कागदच आहे. ते घेऊन भट्टीपासून शाळेपर्यंत चालणारं कोणीतरी लागतं.

गाव सोडलेल्यांची मुलंही शाळेत टिकू शकतात. बिरवाडीकडे, औद्योगिक वसाहतीच्या बाजूला, उत्तरेकडून आलेल्या कामगारांची मुलं मराठी शाळेत येतात. गावचा दाखला नसतो, भाषा हिंदी. ती मात्र टिकतात, कारण बाप बारा महिने एका ठिकाणी असतो.

वाडीवर परत येऊ. काही मुलं आजीजवळ राहू शकतात. एका आजीने अडचण सरळ सांगितली, "दुपारचं शालंत खातील. रातचं काय?" हंगामी वसतिगृहाची सरकारी योजना याच प्रश्नासाठी आहे, पण ती प्रत्येक वाडीपर्यंत पोचत नाही. मुंबई मंडळांच्या बैठकांत यंदा पुन्हा कमानीचा आणि रंगरंगोटीचा विषय निघेल. त्याऐवजी एका वाडीवरच्या मागे राहणाऱ्या मुलांच्या रात्रीच्या जेवणाची, दिवाळी ते मे, जबाबदारी घ्या. किती मुलं, कोणाच्या घरी, हे बाईंच्या वहीत लिहिलेलं आहे.